तिसरी बारव

माझे थोरले साडू जितके जपून जिना उतरतात तितकं जपून अख्ख्या मराठवाड्यात दुसरं कोणी उतरत नसेल, डोक्यावर भरली घागर घेतलेली बाईसुद्धा नाही. पायरी दिसली की ते थबकतात, चपलेच्या टोकाने तिला चाचपतात, भिंतीवर तळवा टेकतात आणि मगच पुढचं पाऊल टाकतात. रेणापूरला एका लग्नात जेवणाची पंगत तळघरातल्या हॉलमध्ये होती. साडू मधल्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांच्या मागे भुकेल्या वऱ्हाड्यांची रांग पार मांडवापर्यंत गेली. कुणीतरी ओरडलं, तर हे मान न वळवता म्हणाले, "दम धरा. ही पायरी बसकी दिसायली." लिफ्टमध्ये ते पाऊल ठेवत नाहीत. "लिफ्टमधी आपण उतरत न्हाई साडूभाऊ, जागाच आपल्याला गिळती," असं त्यांचं म्हणणं. अंधाऱ्या खोलीत शिरण्यापूर्वी ते जिभेने टॉक्‌ करतात आणि आवाज कुठून परत येतो ते ऐकतात. लातूरला गोलाईजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथेही पातेलं विकण्याआधी त्यावर बोटाचं पेर मारून कान लावतात. गिऱ्हाइकाला वाटतं शेट माल पारखून देतात. शेट खरं तर पातेल्याच्या पोटात कुणी आहे का ते बघत असतात.

हे सगळं एका व्हिडिओ गेममुळे झालं, असं सांगितलं तर कुणाला पटणार नाही. साडू शाळेत असताना त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून टीव्हीला जोडायचा खेळ आणला होता. सोबत तीन कॅसेटी. त्यांच्यावरची अक्षरं परक्या लिपीतली, त्यामुळे खेळाचं खरं नाव या घराला कधीच कळलं नाही. पडद्यावर जमिनीत खोल गेलेल्या पायऱ्या दिसायच्या, आपल्याकडच्या बारवेसारख्या, म्हणून साडू आणि त्यांच्या आक्काने पहिली बारव, दुसरी बारव, तिसरी बारव अशी नावं ठेवली. खेळ भलताच अवघड. शत्रू नाही, बंदूक नाही. नुसतं उतरत जायचं. एखादी पायरी खोटी निघायची आणि माणूस आवाज न करता नाहीसा व्हायचा. संगीत चालू असेपर्यंत ठीक, ते थांबलं की समजायचं, जवळपास काहीतरी आहे. ते काय आहे हे शेवटपर्यंत दिसायचं नाही. मेलं की पुन्हा अगदी वरून सुरुवात.

तिसऱ्या बारवेत दोन माणसं लागत. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या खांद्यावर दोर. कंदील साडूंचा, दोर आक्काचा. आक्का त्यांच्याहून थोडी मोठी, वेण्या घातलेली, शांत पोरगी. पण बटणं हातात आली की तिला खोट्या पायऱ्या आधीच कळायच्या. "मी म्होरं, तू मागं," एवढंच ती बोलायची. दोघं बरंच खोल गेले होते. मग आक्काचं लग्न ठरलं, ती किनवटला गेली आणि तिसरी बारव तशीच राहिली.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर ते यंत्र सापडलं आणि पन्नाशी उलटलेल्या साडूंना पुन्हा झपाटलं. नव्या टीव्हीला त्याची वायर बसेना, म्हणून त्यांनी कुठून तरी जुना डब्याचा टीव्ही पैदा केला. दुपारी दुकान बंद झालं की लातूर झोपतं. त्या वेळात साडू मागच्या खोलीत खिडकीला चादर लावून बसत. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, टीव्हीला हात जोडायचे आणि उतरायला लागायचं. पडले की मोठ्याने सांगायची सवय अजून तीच. एकदा त्यांच्या मुलीच्या सासूबाई पहिल्यांदाच घरी आल्या होत्या. त्या उंबऱ्यावर पाय ठेवतात न ठेवतात तोच आतून आवाज आला, "गेलो गं आक्का, मी गेलो!" बाईंनी तिथेच बसकण मारली. त्यांना गूळपाणी देऊन सावरावं लागलं.

पहिल्या दोन बारवा त्यांनी एकट्याने सर केल्या. तिसरीला दोन माणसं हवीत. घरात कुणी तयार होईना, तेव्हा साडूंनी कंदीलवाला हातांनी आणि दोरवालं माणूस उजव्या पायाच्या अंगठ्याने चालवायला सुरुवात केली. ते दृश्य मी डोळ्यांनी पाहिलं आहे. धोतर वर खोचलेलं, कपाळावर विभूती, आणि अंगठा बटणावर थरथरतोय. मला हसू आवरेना. ते मात्र घामाने भिजलेले होते.

एका दुपारी त्यांच्या पायाला गोळा आला. त्यांनी अंगठा बाजूला घेतला, पोटरी चोळायला लागले आणि सहज वर पाहिलं, तर दोरवालं माणूस चालत होतं. सावकाश, एक खोटी पायरी टाळून ते पुढच्या वळणावर जाऊन थांबलं. कंदीलवाल्याची वाट बघितल्यासारखं.

साडूंनी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावलं. त्याने बटणांचा डबा उघडला, आतून मुंग्या निघाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. मुंग्या झटकल्या, डबा पुसला, पुन्हा जोडला. माणूस पुन्हा चाललं. मग साडूंनी त्या डब्याची वायरच उपटून बाजूला ठेवली. तरी चाललं. माझ्या मेव्हणीने टीव्हीच्या काचेला विभूती लावली आणि त्या खोलीत झाडायला जाणं बंद केलं.

मला नांदेडहून बोलावून घेतलं ते याच सुमाराला. "तुम्ही शिकलेले, तुम्ही बघा," म्हणाले. मी बघितलं. बाहेर लख्ख ऊन, चादरीतून पिवळा उजेड, वायर माझ्या मांडीवर. पडद्यावरचं संगीत थांबलं. आणि ते छोटं चौकोनी माणूस दोर सावरत पायऱ्या उतरायला लागलं. हातावरचे केस उभे राहणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. साडू पुटपुटले, "चाल बघा. ही आक्काची चाल हाय. डावीकडून धरून जाती ती."

आक्का जिवंत होती, हे इथे सांगायला हवं. किनवटला रानाच्या कडेला तिचं घर. नवरा जाऊन काही वर्षं झाली, मूलबाळ नाही. तेव्हापासून तिने बोलणंच टाकलं होतं. फोन उचलायची, "हं" म्हणायची, पुन्हा "हं" म्हणायची आणि ठेवून द्यायची. लातूरला चल म्हटलं तरी "हं", आणि यायची नाही.

साडूंनी माझ्यासमोर फोन लावला. नजर पडद्यावर.

"आक्का, काय करायलीस?"

पलीकडून घोगऱ्या, झोपेतल्या आवाजात ती म्हणाली, "उतरायले."

"काय उतरायलीस?"

"पायऱ्या. लई हायत रे. तू कुठं राहिलास?"

आणि फोन बंद झाला. साडूंचा चेहरा पांढराफटक. "साडूभाऊ," ते म्हणाले, "तिच्या घराला एक पायरी सुदिक न्हाई. पत्र्याचं घर हाय, उंबरा वलांडला की रस्ता."

दुसऱ्याच दिवशी आम्ही नांदेडहून किनवटच्या गाडीत बसलो. यंत्र साडूंच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं, टीव्ही माझ्या पायाशी. शेजारच्या बाईने आजारी माणसाकडे बघावं तसं त्या गाठोड्याकडे बघितलं आणि सरकून बसली. साडू वाटभर एकच वाक्य बोलले, "ती एकटीच खाली गेली तर काय करायचं?" मी पायाशी सरकणारा टीव्ही दोन्ही हातांनी धरून ठेवला.

आक्का अंगणात बाजेवर बसली होती. केस पांढरे, हात मांडीवर. आम्हाला बघून उठली नाही, पण गाठोड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आणलंस व्हय." जणू आम्ही येणार हे तिला कळवलेलं होतं. चहा टाकताना तिने आपणहून सांगितलं, "दुपारचा डोळा लागतो अन् मी उतरत असते. रोज थोडं खाली. भेव वाटत न्हाई. निस्तं मागं उजेड नसतो."

साडूंनी यंत्र जोडलं. आक्काने पदर खोचला, चष्मा लावला, बटणं हातात घेतली. "मी म्होरं, तू मागं." तिच्या बोटांना सगळं आठवत होतं. वळणामागून वळण गेलं. संगीत थांबायचं तेव्हा दोघं श्वास धरायचे, आणि आक्का हळूच भावाच्या गुडघ्यावर हात ठेवायची. मधेच साडू "गेलो!" म्हणाले, पुन्हा वरून सुरुवात करावी लागली, तर आक्का हसली. मोठ्याने, पोरीसारखी. तिचं हसू ऐकून पलीकडच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि तोंडाला पदर लावून बघत राहिली.

शेवटी तळ आला. एक दार, त्याच्यापुढे दोघं माणसं. साडू सरसावले. आक्काने बटणं खाली ठेवली.

"आता नगं."

"अगं, एवढं आलो की. उघडू."

"संपलं की तू जाशील लातूरला."

साडूंनीही बटणं खाली ठेवली. आम्ही पुन्हा चहा प्यायलो. पडद्यावर कंदील मंद जळत होता, आणि मी बघत असताना दोरवालं माणूस वळलं आणि शेवटच्या पायरीवर जाऊन बसलं. मग कंदीलवालाही त्याच्या शेजारी जाऊन बसला.

यंत्र आणि टीव्ही आम्ही तिथेच ठेवले. साडू आता वरचेवर किनवटला जातात. आक्का बोलते, दुकानाची चौकशी करते, मेव्हणीला भाजीची कृती विचारते. दार अजून कुणी उघडलेलं नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत मात्र साडू खिडकीबाहेरच्या सागवानाकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, त्या खेळात बसायचं बटणच न्हाई."

रान मागे पडत होतं. बसले असतील तर बसू देत, एवढंच माझ्या मनात आलं.