शेजारच्या काकांचा लोणा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधले आमचे शेजारी काका संध्याकाळी फिरायला निघत ते लोकांच्या भिंती तपासायलाच. कुणाच्या विटांवर पांढरा लोणा दिसला की बोटाने खरवडत, बेल वाजवत आणि सांगत, "हे मीठ आहे बरं का. आत पाणी मुरतंय. इग्नोर करू नका." दुसऱ्याच्या भिंतीची इतकी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांनी स्वतःचं घर विकायला काढलं. त्यांनी मागितलेला ब्रश द्यायला मी त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरलो, तर सिमेंट ब्लॉकची अख्खी भिंत मिठाने पांढरी झालेली. काका तिच्यावर शांतपणे रंग फासत होते.

"काका, इथेही पाणी मुरतंय की."

"अरे, आपली भिंत नुसती श्वास घेतेय."

घर बघायला एक तरुण मराठी जोडपं आलं, तेव्हा मीही तिथे होतो. बायकोला दिवस गेलेले होते. तिने मला विचारलं, "दादा, बेसमेंट ड्राय असतं ना?"

काका माझ्याकडे बघून प्रेमाने हसले.

"मी कधी खाली गेलोच नाही," मी म्हणालो.

घर त्या जोडप्यानेच घेतलं. हिवाळ्यात रंगाचे पोपडे पडून ती भिंत पुन्हा पांढरी झाली. ती तरुणी मला अजून दादाच म्हणते.