मनोऱ्यावर वाळणारे पाईप

आमच्या गॅलरीसमोर अग्निशमन केंद्र आहे. आग विझवून गाडी परतली की जवान कॅनव्हासचे पाईप धुतात आणि आवारातल्या उंच मनोऱ्यावरून खाली सोडून वाळत घालतात. दुपारी मी चहा घेऊन बसते, तेव्हा ते लांबलचक पांढरे पट्टे वाऱ्यावर सावकाश हलत असतात, कुणी न्हाऊन केस मोकळे सोडावेत तसे. टोकाशी थेंब जमतो, रेंगाळतो, पडतो. बघता बघता डोळे जड होतात. हेच पाणी सकाळी कुणाच्या तरी जळत्या घरावर धावलं होतं, हे मला कधी खरंच वाटायचं नाही.

मग गेल्या वर्षी आमचंच स्वयंपाकघर पेटलं. जवान आले, विझवून गेले. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावर एकच पाईप होता. मी खाली उतरून फाटकाशी गेले. एक वयस्कर जवान पाईपचं टोक हातात धरून कुठं भोक पडलंय का बघत होते.

"हा आमच्याकडचाच ना?" मी विचारलं.

"हो, ताई. वाळला की गुंडाळून ठेवायचा. मग पुढं ज्याला लागेल त्याचा."

आज तीन पाईप लोंबतायत. रस्त्यानं माणसं वर न बघता चालली आहेत. कुठल्या तरी घरी आत्ता काळ्या भिंती पुसणं चाललं असेल. त्यांना इथं यायला सवड कुठली? त्यांच्या वतीनं मीच शेवटचा थेंब पडेपर्यंत बसून राहते.