मी काढलेला नियम

पवनानगरला दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात मी कॉम्प्युटरवर बसते. लोणावळ्याहून रोज येऊन-जाऊन करते. कॉम्प्युटर मी चालवत असले तरी त्याचा मुख्य पासवर्ड वडगावच्या तंत्रज्ञाकडे असतो. अपडेटची सूचना आली की त्याला फोन करायचा आणि त्याने सुट्टीच्या दिवशी येऊन ते उरकायचं, असं ठरलेलं. पण फोन केला की तो इतका वैतागायचा, जणू ते अपडेट मीच डब्यात घालून घरून आणलंय. म्हणून मी फोन करणं सोडलं. सूचना आली की ‘नंतर’वर क्लिक करायचं. महिनाभर असं चाललं आणि त्यात मला माझी हुशारीच वाटायची.

एका दुपारी धरणापलीकडच्या ठाकरवाडीतली एक बाई आली. तिला मुलीला आश्रमशाळेत घालायचं होतं. जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून त्याची पोच दुसऱ्या दिवशीच शाळेत द्यायची होती, नाहीतर मुलीचं वर्ष गेलं असतं. अर्धा अर्ज भरून झाला आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अपडेट सुरू आहे, बंद करू नका. तीन टक्के. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं आणि तंत्रज्ञाला फोन करायला तोंड नव्हतं.

शेजारच्या टेबलावर केंद्रचालक बसले होते. कॉम्प्युटर अडकलाय म्हटलं असतं तर का अडकला हे त्यांनी विचारलंच असतं. मी कागद तिच्याकडे सरकवले आणि म्हणाले, “यावर पोलीस पाटलांचा शिक्का नाही.”

“थोरलीच्या टायमाला तर न्हाई लागला, ताई.”

“नवा नियम आहे,” मी म्हणाले.

तिने वाद घातला नाही. कागद पदराखाली घेऊन निघाली. पाऊण तासात अपडेट संपलं, तोवर तिच्या वाडीकडे जाणारी जीप गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच ती दारात उभी होती. पाटील लग्नाला दुसऱ्या गावी गेलेले, म्हणून ती तिथवर चालत गेली होती. मी दोन मिनिटांत पोच दिली. “तुमी सांगितलं म्हनून बरं, न्हाईतर पोरीचं काम आडलं आसतं,” असं म्हणून तिने माझ्या हाताला हात लावला. लाजेने मी हात मागे घेतला आणि पुढचा अर्ज उघडला.

त्यानंतर त्या वाडीतून जो येतो तो शिक्का घेऊनच येतो. तिने सगळ्यांना सांगितलं असणार. कुणाचा त्यापायी कामाचा दिवस बुडतो, कुणाला पाटील भेटत नाहीत म्हणून दोन-दोन हेलपाटे पडतात. कित्येक दिवस मी ते कागद मुकाट्याने घेतले.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले, दम लागलेला. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “आबा, हा शिक्का लागत नाही.”

त्यांनी कागद हाताने नीट सपाट केला. “लागतो, ताई. तुमी भल्या, तुमी बिगर शिक्क्याचं बी घ्याल. पन दुसरं कोन घेईल?”

तो नियम मीच काढला, एवढंच त्यांना सांगायचं बाकी होतं. त्याऐवजी मी त्यांना बसायला खुर्ची दिली.