बॉल हलेपर्यंत कॅमेरा बंद

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नॉर्बर्ट गोर्नी पोलिश क्लबच्या तळघरात प्रोजेक्टरमध्ये तिसरं रीळ ओवत होता. पहिल्या दोन रिळांना व्हिनेगरचा वास सुटला होता आणि फितीच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. ती त्यानं बाजूला ठेवली. तिसरं ठीक निघालं. त्यानं डब्यावर खडूनं खूण केली आणि चौथा डबा उघडला. दहा वाजता कॅन्टन शहरातून एक बाई येणार होती. तिच्यासमोर फीत तुटून चालणार नव्हतं.

नॉर्बर्ट एकोणऐंशी वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या एरी शहरात त्याला नॉर्ब म्हणतात. बाप लोखंडाच्या कारखान्यात घणावर होता, थोरला भाऊही तिथेच चिकटला. नॉर्बचा हात स्थिर होता, म्हणून तो लग्नांची चित्रफीत काढायला लागला. १९६५ साली, विसाव्या वर्षी, त्याला हॅमर्सनं कामावर घेतलं. हॅमर्स हा एरीचा व्यावसायिक फुटबॉल संघ; अमेरिकी फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा. नॉर्बचं काम एवढंच: घरचा सामना स्टेडियमच्या छपरावरून टिपायचा, रातोरात धुऊन आणायचा, आक्रमणाची रिळं वेगळी, बचावाची वेगळी कापून सोमवारी सकाळी प्रशिक्षकाच्या टेबलावर ठेवायची.

१९७४ साली मालकानं संघ उचलून दक्षिणेत नेला. कचेरी रिकामी करताना रिळांचे डबे मागच्या कचरापेटीत गेले. नॉर्बनं मेहुण्याची पावाची गाडी मागून आणली आणि चार खेपांत ते घरी नेले. बायकोनं, लोरेटानं, अकरा वर्षं वास सहन केला. मग म्हणाली, "एक तर हे डबे राहतील, नाहीतर मी." तेव्हापासून डबे क्लबच्या तळघरात आहेत, बिअरच्या पिंपांशेजारी.

त्या डब्यांत जे काही आहे ते एल्वुड ट्राउटमन या माणसाचं. दहा हंगाम तो हॅमर्सचा मुख्य प्रशिक्षक होता. सत्त्याहत्तर विजय, पंचावन्न पराभव, आठ बरोबरी. दोनदा अंतिम सामन्यात गेला, दोनदा हरला. मैदानाच्या कडेला तो ओव्हरकोटच्या खिशात हात घालून उभा राही. ना ओरडणं, ना टोपी आपटणं. एका स्थानिक पत्रकारानं त्याला 'एरीतला सर्वात महागडा प्रेक्षक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. १९७१ ला त्याला काढलं. पुढे त्यानं एका शाळेत गणित शिकवलं आणि १९८९ ला तो गेला. दुर्लक्षित राहिलेल्या प्रशिक्षकांच्या याद्या दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे छापून येतात. त्या याद्यांतही ट्राउटमन नसतो.

यंदा कुणीतरी त्याचं नाव कॅन्टनच्या सन्मानासाठी, म्हणजे तिथल्या फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनासाठी, सुचवलं होतं. पुरावे सोमवारपर्यंत द्यायचे होते. जुन्या माणसांच्या नावांचा विचार वर्षाआड होतो, आणि ट्राउटमनच्या हाताखाली खेळलेल्यांपैकी आता सहा जण उरले होते.

नॉर्बला या कामाची जितकी घाई होती तितकीच धास्तीही. या खेळात एक चाल सहा-सात सेकंदांत संपते. मग अर्धा मिनिट सगळे नुसते उभे, असं बघणाऱ्याला वाटतं. ट्राउटमनचं सगळं काम त्या अर्ध्या मिनिटात व्हायचं. समोरचे आपापल्या जागी आले की हॅमर्सचे बचावाचे खेळाडू शेवटच्या क्षणी जागा बदलत. बॉल जिकडे जायचा तिकडे आधीच कुणीतरी उभा असे. आणि या अर्ध्या मिनिटाचं नॉर्बकडे एकही चित्र नव्हतं. इतर संघांचे कॅमेरावाले चाल ठरवायला जमलेला खेळाडूंचा घोळका फुटला की बटण दाबत. नॉर्ब बॉल हलल्यावर दाबत असे. पहिल्याच आठवड्यात ट्राउटमननं त्याला बजावलं होतं, "बॉल हलेपर्यंत कॅमेरा बंद. फिल्म काय झाडाला लागते?" विशीतल्या नॉर्बनं ते काटकसर म्हणून मनावर घेतलं आणि सात हंगाम एक सेकंद वाया जाऊ दिला नाही. त्याचा त्याला अभिमान होता. पुढे जुन्या फिती बघून पुस्तकं लिहिणारे लोक आले आणि "यात प्रशिक्षकाचं विशेष काही दिसत नाही" म्हणून परत गेले, तेव्हा आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. त्यानं ते पाद्र्यालाही सांगून पाहिलं होतं. पाद्री म्हणाला, हे पापात मोडत नाही.

साडेनवाला रॉस्को टिब्स जिना उतरला. दर पायरीवर थांबत, हातात बेकरीची कागदी पिशवी. टिब्स हॅमर्सच्या बचावाच्या मधोमध उभा राहायचा. आठ वर्षं.

"पेपरोनी बॉल्स आणलेत," तो म्हणाला. "सहा. चार माझे."

"डॉक्टरनं मीठ बंद केलंय ना तुझं?"

"डॉक्टर इथे आलाय का? मग गप बस. तुझ्या या भोकात अजून तोच वास येतो रे. लोरेटा देवमाणूस होती."

दहाला पाच कमी असताना प्रिसिला ओडम आली. पस्तिशीची, बुटांवर बर्फ, काखेत संगणक. निवड करणाऱ्यांपुढे ठेवायची माहिती जमवणं हे तिचं काम. तिनं कोट न काढताच खुर्ची ओढली आणि नॉर्बनं दिवा घालवला.

तीन रिळं तिनं पाहिली. चौथ्याला ती म्हणाली, "मिस्टर गोर्नी, स्पष्ट बोलू?"

"बोल की."

"बचाव उत्तम आहे. पण चाल सुरू होते तेव्हा सगळे आधीच बरोबर जागी असतात. टेबलाभोवती बसलेली माणसं म्हणतील, खेळाडू चांगले होते. ट्राउटमन कुठे आहेत यात?"

"माझ्या चुकीत आहेत," नॉर्ब म्हणाला. त्यानं दिवा लावला आणि बटणाची गोष्ट सांगितली. काटकसरीची, झाडाला न लागणाऱ्या फिल्मची. पाठ केल्यासारखी, एका दमात.

टिब्स घास तोंडात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"पन्नास वर्षं तू हे उराशी धरून बसलायस? काटकसर?"

"मग काय?"

"अरे शहाण्या, तुझ्या फिती शुक्रवारपर्यंत कुठे जायच्या?"

"पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे. अदलाबदल. लीगचा नियमच होता."

"कोण घेऊन जायचं विमानतळावर?"

"मी."

"आणि तिथे दुसऱ्या संघांच्या कॅमेरावाल्यांबरोबर कॉफी ढोसत कोण बसायचं? तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता, नॉर्ब. म्हणून म्हाताऱ्यानं तुला सांगितलं नाही. आम्हाला दर मंगळवारी सांगायचा, 'जे त्यांना दिसणार नाही, ते त्यांना शिकता येणार नाही.' जागा बदलणं त्यानं फितीतून मुद्दाम वगळलं होतं. तू एकटाच त्याला पैसे वाचवणं समजलास."

नॉर्ब प्रोजेक्टरशेजारी बसला. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत लावला.

"मला सांगितलं असतं तर मी बोललो असतो का?"

"तू लग्नात नवरीला नवऱ्याच्या आधीच्या मैत्रिणीचं नाव सांगून आला होतास."

"एकदाच."

प्रिसिलाचं पेन चालू होतं. टिब्सच्या ते लक्षात आलं. "ए पोरी, हे लिहू नकोस. उद्या म्हणतील, ट्राउटमननं फसवलं. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही."

"नियम काय होता?" तिनं नॉर्बला विचारलं.

"बॉल हलल्यापासून शिट्टीपर्यंत. एवढंच लिहिलं होतं. घोळक्यापासून टिपायचं हा रिवाज. शेजारधर्म म्हण."

"म्हणजे नियम मोडला नाही, रिवाज मोडला."

"रिवाज मोडला तो मी," नॉर्ब म्हणाला. "बटणावर बोट माझं होतं."

"तरी नको," टिब्स म्हणाला.

प्रिसिलानं पेन मिटलं. "मिस्टर टिब्स, हे न सांगता माझ्याकडे फक्त चांगल्या खेळाडूंची फिल्म राहते. आणि सांगितलं तर ती तुमची आठवण आहे. माझा विश्वास आहे. पण ते लोक विचारतील, दिसतं कुठे?"

वर क्लबच्या स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं आपटलं. नॉर्ब उठला आणि पिंपांमागच्या फळीवर डबे चाचपू लागला.

"काय शोधतोयस?"

"डिसेंबर एकोणसत्तर."

"का? तो तर आपण हरलो."

"बर्फ," नॉर्ब म्हणाला.

डबा गंजला होता. टिब्सच्या किल्लीनं तो उघडावा लागला. फीत दोन ठिकाणी जोडलेली होती, पण चालली. मैदान पांढरं. शहराला लागून असलेल्या सरोवरावरून येणारा बर्फ सामनाभर पडत होता आणि प्रत्येक दोन चालींच्या मध्ये जुन्या खुणा बुजवत होता. नॉर्बचा प्रोजेक्टर जुना प्रशिक्षकी होता. चित्र थांबवता येई, मागे नेता येई. त्यानं पहिल्या चालीच्या पहिल्याच चित्रावर थांबवलं.

"खेळाडूंकडे बघू नका. त्यांच्या मागे बघा."

आक्रमण करणाऱ्यांच्या मागे पावलांच्या सरळ रेघा होत्या, घोळक्यापासून जागेपर्यंत. हॅमर्सच्या मागच्या रेघा सरळ आल्या होत्या, एका ठिकाणी बर्फ तुडवला गेला होता आणि तिथून त्या आडव्या वळल्या होत्या. चार जणांच्या. दोघांच्या डावीकडे, दोघांच्या उजवीकडे.

प्रिसिला खुर्ची सोडून पडद्यापाशी गेली. तिनं बोटानं एक रेघ मोजली. "इथे थांबले. मग इकडे सरकले."

"मी ओरडल्यावर," टिब्स म्हणाला. "आता हे उजवीकडून पळणार बघ. चालव रे."

नॉर्बनं चालवलं. ते उजवीकडून पळाले आणि दोन यार्डांत आडवे झाले. पुढच्या चालीला टिब्सनं सांगितलं, फेकणार, आखूड. आखूड फेकला. तिसऱ्याला तो चुकला. चाल भलतीकडे गेली आणि समोरच्यांनी तीस यार्ड नेले.

"हे काय झालं?" प्रिसिला म्हणाली.

"हा माझा गाढवपणा. म्हाताऱ्यानं मंगळवारी अगदी हेच दाखवलं होतं. मला वाटलं, मला जास्त कळतं." त्यानं पिशवीत हात घातला, ती रिकामी होती. "ऐक पोरी. हॅमर्समध्ये येण्याआधी दोन संघांनी मला काढलं होतं. मंद आहे म्हणाले. ट्राउटमननं मला बसवून समोरची अकरा माणसं वाचायला शिकवलं आणि मग सामन्यात एक शब्द बोलला नाही. खिशात हात. लोक हसायचे. मी चुकलो त्या दिवशीही हात खिशातच होते. हे कसं दाखवणार तू?"

"तुम्ही बोला, मी ध्वनिमुद्रण करते. फितीवर. प्रत्येक चाल थांबवून." ती नॉर्बकडे वळली. "पण बाकीच्या सामन्यांत हे का दिसत नाही, ते मला लिहावं लागेल. त्याशिवाय बर्फाच्या या एका सामन्याला अर्थ नाही."

टिब्सनंही नॉर्बकडे पाहिलं.

नॉर्बनं टेबलाच्या खणातून क्लबचा छापील कागद काढला, मागची कोरी बाजू वर केली आणि लिहिलं: 'मला सांगण्यात आलं होतं की बॉल हलेपर्यंत कॅमेरा बंद ठेवायचा. १९६५ ते १९७१ मी तसं केलं. कारण मला आज समजलं. ते कारण श्री. टिब्स सांगतील.' खाली सही, तारीख. त्यानं कागद टिब्सपुढे सरकवला.

टिब्सनं दोनदा वाचला. "श्री. म्हणे," तो म्हणाला. पण पेन मागून त्यानंही खाली सही केली.

ट्राउटमनच्या काळातल्या घरच्या सामन्यांची, बचावाची, एकोणपन्नास रिळं आहेत. बर्फ पडत होता असे सामने नॉर्बच्या वहीप्रमाणे पाच. प्रिसिलानं ते पाच आधी घ्यायचं ठरवलं आणि रस्त्यापलीकडच्या मोटेलमध्ये रविवारपर्यंत खोली घेतली.

"उद्या नऊला सुरू करू?" तिनं विचारलं.

"उद्या मी यंत्राला जोडलेला असतो," टिब्स म्हणाला. "डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार."

उद्या गुरुवार. टिब्सची खुर्ची पहाटे सहाला लागते आणि सव्वादहाला सुटते. म्हणून तळघरात अकराला सुरू करायचं ठरलं.