चपलांत फेकलेली चुंबळ

मुख्याध्यापकांनी फूटपट्टीच्या टोकावर माझ्या आजीची चुंबळ उचलली आणि दाराबाहेर, मुलांच्या चपलांत फेकली.

चौथीचा वर्ग. मध्य प्रदेशातली, परसवाड्याजवळची शाळा. मी अतिथी शिक्षिका, म्हणजे कायम नसलेली. इतिहासात स्थलांतराचा पाठ होता. घरच्यांनी मूळ गावाहून सोबत आणलेली एक वस्तू आणा, असं मी मुलांना सांगितलं होतं. मुख्याध्यापकांनीही हौसेनं पणजोबांची पितळी दौत आणली. पणजोबा नागपूरहून बालाघाटच्या कचेरीत आले होते. दौतीशेजारी मी चुंबळ ठेवली. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची. हीच डोक्यावर ठेवून, वर टोपली घेऊन आजी भंडाऱ्याकडून उकव्याला आली. तिथल्या मँगनीजच्या खाणीत हिच्यावरच जन्मभर दगड वाहिले.

"दौतीजवळ हे?" ते म्हणाले. "मॅडम, आमचे पणजोबा आले, त्याला इतिहास म्हणतात. तुमचे लोक पोटामागे आले. तसे तर ढोरंही येतात."

वर्ग हिंदीत चालतो. हे मात्र ते मराठीत बोलले. मला नीट लागावं म्हणून.

मी गप्प राहिले. एवढंच नाही. मुलांना म्हणाले, "किताब खोलो." ही लाज माझी आहे.

पुढच्या रांगेतल्या मुलीनं घरचा जर्मनचा गंज, अॅल्युमिनियमचं पातेलं, आणला होता. ती तो हळूच दप्तराखाली सारत होती.

"काहून लपवतं?"

"सर फेकतीन."

आठ-नऊ वर्षांची पोर. माझ्याकडूनच शिकली होती, आत्ता, माझ्या गप्प राहण्यातून.

मी बाहेर गेले. चुंबळ झटकली. आणून दौतीला खेटून ठेवली.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

"आयकलं सर. आजचा पाठ तर होऊ द्या."

त्या मुलीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर तिचाच गंज, गंजात अंगणातले दगड. ही भिंत भंडारा, ती भिंत उकवा. ती चालली. मान ताठ. मग सगळ्यांनी रांग लावली.

मागून एका पोरानं विचारलं, "सर, आप भी उठाओगे?"

सरांनी दौत उचलली आणि निघून गेले.

उद्या मी येणार. फाटक लावलेलं असलं तर फाटकाबाहेर बसेन, चुंबळ घेऊन. मुलांना सगळ्यात आधी हे सांगीन: आपल्या लोकांना ढोरं म्हटलं तेव्हा तुमच्या मॅडम गप्प बसल्या होत्या. पुन्हा बसणार नाहीत.