डाव्या बाजूचे तीन सूत

वर्लिन टॅकेट वाहनांच्या कारखान्यात एकतीस वर्षे कामाला होता. चालत्या पट्ट्यावरून येणारा सांगाडा मागच्या अ‍ॅक्सलवर बसवणे हे त्याचे काम. कारखाना बंद झाल्यावर त्याने ओहायोतल्या आमच्या गावात घरामागे गॅरेज घातले आणि एकच धंदा पत्करला : जुन्या, दांडग्या इंजिनांच्या गाड्यांना आजच्या रुंद रिमा व टायर बसवणे. मी शाळेत यांत्रिक रेखाटन शिकवीत असे. निवृत्तीनंतर माझी सकाळ बहुधा त्याच्या बाकावर जाई.

त्याची पद्धत मला आवडे. गाडी जॅकवर लटकत असताना तो कधीही माप घेत नसे. गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे, हा त्याचा दंडक. शिवाय नवे टायर चढवल्यावर मडगार्डच्या आत वळलेल्या कडेला तो कागदी चिकटपट्टी लावी, डिकीत मिठाची चार पोती टाकी आणि रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावरून गाडी नेऊन आणी. पट्टी शाबूत राहिली तरच किल्ली मालकाच्या हातात जाई.

जुलैमध्ये वांडा प्रूइट आपली १९६९ सालची गाडी घेऊन आली. वांडा शाळेची बस चालवते. ही गाडी तिच्या भावाची, लेलंडची. गडद निळ्या रंगाचे बारा हात त्याने स्वतः दिले होते, आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

"परवा पावसात दगडी पुलाच्या वळणावर मागची चाकं घसरली," ती म्हणाली. "अजून हातभर गेली असती तर ओढ्यात होते मी. रुंद टायर बसत असतील तर बसव, नाहीतर विकून टाकते. भीत भीत नाही चालवायची मला. पण मडगार्डला हात लावायचा नाही. रंगाला ओरखडासुद्धा चालणार नाही."

"एक ओरखडा उठला तर ही टोपी खाईन," वर्लिन डोक्यावरची तेलकट टोपी दाखवत म्हणाला.

"ती टोपी? त्यापेक्षा ओढा बरा!"

वर्लिनने उजव्या बाजूचे माप घेतले. आत स्प्रिंगच्या पाट्यांपासून टायरला पाच सूत जागा राहणार होती, बाहेर कडेपासून चार सूत, म्हणजे अर्धा इंच. त्याने आकडे पाटीवर लिहिले आणि खडू ठेवला.

"डावी बाजू?" मी विचारले.

"मास्तर, ही गाडी आमच्या पट्ट्यावरची. मीच बसवली असेल कदाचित. डावं तेच उजवं."

"मोजायला दोन मिनिटं लागतील."

"तुम्ही रोज सकाळी आरशात दोन्ही कान मोजता का?"

मी पुढे आग्रह धरला नाही, आणि त्याबद्दल आजही स्वतःला दोष देतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी गावात जुन्या गाड्यांची फेरी निघते. लेलंडची गाडी तीत तीस वर्षे न चुकता होती. शुक्रवारी दुपारी रिमा आल्या, वांडाच्या देखत टायर चढले, मीठ डिकीत गेले. वर्लिन फाटकापर्यंत जाऊन आला आणि खाली वाकला. उजवी पट्टी कोरी होती. डावी फाटून तिची लक्तरे लोंबत होती. रंग वाचला होता तो केवळ त्या कागदाच्या जाडीमुळे.

कोपऱ्यातून वर्लिनने बेसबॉलची जुनी बॅट आणली. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बॅट धरून गाडी हळूहळू पुढे ढकलली की आतली कड वर दबते. आमच्याकडे सर्रास असेच करतात.

"पाच मिनिटांचं काम," तो म्हणाला. "उद्या फेरीत असशील."

"आणि रंगाला तडा गेला तर?"

"गेला तर पुन्हा लावू."

"कोण लावणार?" वांडा म्हणाली. "लेलंड?"

वर्लिनने बॅट भिंतीला टेकवली. मग मोजायचा गज घेऊन तो डाव्या चाकापाशी बसला. त्याने तीनदा माप घेतले. डाव्या बाजूची बाहेरची जागा उजवीपेक्षा तीन सूत कमी होती. सांगाडा कारखान्यातूनच एका अंगाला सरकून बाहेर पडला होता.

"आम्हीच तिरकी बसवली," तो अखेर म्हणाला. "तासाला पन्नास गाड्या जायच्या, मास्तर. सरळ काय अन् तिरकं काय, बघतंय कोण! इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की आमच्या गाड्या सरळ असतात."

"उद्याचं काय?" वांडाने विचारले.

"उद्या नाही जमणार. डाव्या बाजूला दोन सूत आत बसणारी वेगळी रिम करून घ्यावी लागेल. चूक माझी, खर्चही माझा."

वांडाने क्षणभर निळ्या मडगार्डवर हात ठेवला. "चालेल," ती म्हणाली.

शनिवारची फेरी तिने माझ्या शेजारी पदपथावर उभे राहून पाहिली. रिम बाराव्या दिवशी आली. वर्लिनने तिच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगाने 'डावी' असे लिहिले, म्हणजे पुढे कोणी चाकांची अदलाबदल करू नये. या वेळी फाटकावरून आल्यावर दोन्ही पट्ट्या कोऱ्या होत्या. त्याच आठवड्यात पाऊस झाला. दगडी पूल ओलांडून वांडा गॅरेजच्या दारात आली आणि काच खाली करून म्हणाली, "टोपी वाचली रे तुझी!"

वर्लिनच्या पाटीवर आता मधोमध उभी रेघ असते. गिऱ्हाईक घाई करू लागले, की तो आधी रेघेच्या डावीकडचा रकाना भरतो.