घासाघीशीचं बटण

अलिबागपासून आगरदांड्यापर्यंत पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांपैकी निम्म्या मी समुद्रकिनाऱ्यावर नेऊन ठेवल्या आहेत. बांधणाऱ्यांनी त्या डोंगराच्या पोटात, भाताच्या खाचरात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, जमेल तिथे बांधल्या होत्या. मी त्यांना एका बैठकीत लाटांच्या काठाला आणलं. धंदाच तो माझा. हॉटेलांच्या, कॉटेजांच्या, घरगुती खोल्यांच्या वेबसाइट बनवायच्या आणि इंटरनेटवर लोकांच्या डोळ्यांपुढे नाचवायच्या. थळला एका गृहस्थांच्या खिडकीतून फक्त खताचा कारखाना दिसायचा. त्याचे दिवे मी तिन्हीसांजेला असे टिपले, की समोर परदेशातलं शहर दिसतं तीच खोली हवी म्हणून माणसं हट्टाला पेटली. सत्य मी कधी सोडलं नाही. फक्त त्याला जरा किनाऱ्याकडे सरकवलं.

असा मी नामांकित कलावंत, आणि मला पाणी पाजलं आगरदांड्याच्या रस्त्यावरच्या एका मावशीने.

आमच्याकडे मोसमात रस्त्याकडेला एक देखावा असतो. बाया-माणसं ओळीने उभी असतात आणि प्रत्येक मोटारीपुढे चाव्यांचा जुडगा वाजवतात. 'रूम पायजे का, रूम?' जाहिरात म्हणा, मार्केटिंग म्हणा, पिढीजात पद्धत ही. मावशी या ओळीची पाटलीण. तिचा जुडगा वाजला की खाडीपलीकडे दिघीला फेरीबोटीचा खलाशी भोंगा वाजवायचं सोडून द्यायचा, कारण सगळे प्रवासी आपोआप गोळा झालेले असायचे. मी स्वतः पाहिलंय. म्हणजे पाहिलेल्या माणसाकडून ऐकलंय.

मग मावशीचा गुडघा गेला. उभं राहणं बंद झालं आणि खोल्या ओस पडल्या. तिचा मुलगा उरणला, बंदराच्या कामाला ट्रेलर लावून असतो. त्याने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, की भाऊबीजेला येतो. खोल्या भरलेल्या दिसल्या तर तो तोंड उघडणार नाही. नाहीतर मुंबईच्या एका शेठला अख्खी जागा चालवायला देऊन आईला उरणला घेऊन जाईल. तिकडे एसी आहे, टीव्ही आहे, आराम आहे. लेकराने प्रेमाने रचलेला तुरुंगच तो.

मावशीने मला बोलावलं. "बाला, तुझी ती वेबसाइट रस्त्यावर उभी र्‍हाते ना?"

"चोवीस तास, मावशी."

"गुडघं दुखत न्हाईत तिचं?"

न्हाईत म्हटलं. मग कर उभी, म्हणाली.

मी केली. तिच्या घरातून समुद्र दिसत नव्हता असं कोण म्हणेल? पाण्याच्या टाकीवर चढून, एका हाताने नारळाची झावळी बाजूला करून, मान मोडेपर्यंत वळवली तर दिसत होता. मी तेवढाच फोटो घेतला. मागच्या हौदात एरवी जाळी भिजत पडलेली असायची. ती काढली, पाण्यावर जास्वंदीची फुलं सोडली आणि हौदाला पंचतारांकित मोक्ष मिळाला. दर लिहिले, बुक करायचं बटण लावलं. दोन दिवसांत दिवाळीच्या खोल्या भरत आल्या. मी पेढे आणले.

पेढे संपायच्या आत सगळी बुकिंगं रद्द झाली. पाहतो तर मावशीनेच एकेकाला फोन लावून, रूम न्हाय, म्हणून सांगितलेलं.

मी धापा टाकत आगरदांडा गाठला. मावशी ओटीवर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होती. ती माणसं बरी नव्हती, म्हणाली. न पाहता कसं कळलं, विचारलं.

"येकानं बी भाव केला न्हाय."

तिचं शास्त्र तिने समजावून सांगितलं. तिच्या हयातीत सांगितल्या दरात कुणी खोली घेतली नव्हती. गाडीतून उतरायचं, खोलीला नाक मुरडायचं, शेजारी स्वस्त आहे म्हणायचं, गाडीत बसायला जायचं, परत यायचं. असा रीतसर वागतो तो गिऱ्हाईक. जो मुकाट पूर्ण पैसे भरतो तो एकतर बायको सोडून पळालेला, नाहीतर पोलिसांपासून लपलेला, नाहीतर खोलीतला पंखा काढून न्यायला आलेला. आणि पंखे तिने नवीन लावले होते. पुण्याच्या एका गृहस्थांनी तर कहरच केला होता. खोली नाही म्हटल्यावर, दर अगदी वाजवी आहे हो, हवं तर थोडे जास्त देतो, असं ते म्हणाले. ते ऐकल्यावर मावशीने रात्री कडी दोनदा तपासली.

मी तिला ग्राहकाचा विश्वास, पारदर्शक दर, पर्यटनाचं भवितव्य वगैरे जे मी सगळ्यांना ऐकवतो ते ऐकवलं. तिने सोडे निवडले. मग पोराचा फोन आला, किती खोल्या भरल्या म्हणून. फोन ठेवल्यावर चाव्यांचा जुडगा मांडीवर घेऊन एकेक चावी फिरवत बसली.

"तिकडं उरणात," म्हणाली, "मी काय वाजवू?"

मी तसाच परत फिरलो.

घरी येऊन मी माझ्या धंद्याच्या सगळ्या शास्त्रांना तिलांजली दिली. वेबसाइटवरचे दर पुसून टाकले. हौद परत हौद केला. जुडगा धरलेल्या मावशीचा फोटो टाकला आणि खाली एकच मोठं बटण ठेवलं: 'मावशीशी घासाघीस करा.' दाबलं की थेट तिच्या फोनची घंटा. मोठमोठ्या रिसॉर्टवाल्यांनी हे पाहिलं असतं तर मला जिल्ह्याबाहेर हाकललं असतं.

दुसऱ्या दिवशी फोन तापून लाल झाला. मावशी आधी कुळी विचारायची. कुठले, किती जण, मासे खाता की गवत? मग असा दर सांगायची की पलीकडच्याचा श्वास अडकायचा. तिथून खेळ सुरू. सोबत म्हातारी आई असेल तर खाली यायची. पहाटे गरम पाणी मागितलं की वर. घाटकोपरच्या एका गुजराती बेनने सकाळच्या चहाला सुरुवात केली ती दुपारच्या जेवणाला संपवली. मधे दोघींनी एकमेकींच्या सुनांचा निकाल लावला, आणि बेनने माडीवरच्या सगळ्या खोल्या घेतल्या. पुण्याच्या गृहस्थांचाही पुन्हा फोन आला. या वेळी त्यांनी शहाण्यासारखा निम्मा दर मागितला.

"आता कसा मानसावानी बोललास," मावशी म्हणाली, आणि वर चढत चढत त्यांना पहिल्या दराच्याही पलीकडे नेऊन सोडलं. गृहस्थ धन्य झाले.

भाऊबीजेला मुलगा आला. सोबत मिठाई नव्हती, मुंबईचा तो शेठ होता. अंगणात गाड्या इतक्या, की त्यांना आपली गाडी फेरीबोटीच्या धक्क्याजवळ ठेवून चालत यावं लागलं. मी नेमका जेवायला होतो, हा योगायोग मी स्वतः जुळवला होता. मुलाने खोल्या पाहिल्या, वाळत घातलेले परक्यांचे टॉवेल पाहिले आणि हळूच म्हणाला, "आये, शेठना मुक्कामाला येक खोली दे."

"खोली न्हाय. ओटीवर खाट हाय. भाव बोल."

"अगं मी तुझा पोरगा हाय."

"म्हनून तर खाट दावली."

पैसे नको होते तिला. खाटेचा भाव तिने सांगितला: ती मरेपर्यंत जागेचा विषय काढायचा नाही. तो म्हणाला, पुढच्या दिवाळीपर्यंत. ती म्हणाली, शेजारी बघ, तिथे स्वस्त मिळेल. तो खरंच उठला, फाटकापर्यंत गेला आणि परत आला. रक्तातच असतं ते. मग म्हणाला, गुडघा बरा होईपर्यंत. तिने चुलीकडे तोंड फिरवलं. बेन माडीवरून वाकून ऐकत होती, पुण्याचे गृहस्थ हातातला घास हातातच धरून बसले होते. शेठ आपला खाटेवर टेकून वारा घेत होता.

शेवटी सौदा पटला तो असा, की मावशीला फोन उचलता येतोय तोवर खोल्या तिच्या.

"ठरलं?" मुलगा म्हणाला.

उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. तिने एका हाताने तो उचलला, आणि दुसऱ्या हाताने जुडगा असा वाजवला की शेठ दचकून खाटेवरून उठला.